दौलताबादच्या किल्ल्यात व्हॅम्पायर : फितूर कोण हे वाचकाला कधी सांगायचं?

निळी_शाई | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, हा धागा कलादालनात काढावा की कथालेखनात हे ठरेना, म्हणून सरळ गप्पांच्या पानावर काढतेय. संपादकांना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक कॉमिक करतोय. चित्रं त्याची, लिखाण माझं. दोघंही छत्रपती संभाजीनगरचे, त्यामुळे गोष्ट कुठं घडवायची यावर भांडण झालं नाही. दौलताबाद. काळ १६२९ ते १६३३.

हा काळ ज्यांच्या डोळ्यासमोर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला आणि निजामशाहीला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. १६२९ मध्ये लखुजी जाधवराव मुलांसकट दरबारात मारले गेले, ते दौलताबादलाच. शहाजीराजे निजामशाही सोडून मुघलांकडे गेले, पुढे परत फिरले. अंबरचा मुलगा फत्तेखान कैदेत होता. तो सुटला, कारभारी झाला, आणि ज्याने सोडवलं त्या मुर्तजा निजामशहालाच त्याने संपवलं. गादीवर एक लहान पोर बसवलं. मग मुघलांशी बोलणी, मग विजापूरच्या सरदारांशी संधान, आणि शेवटी १६३३ चा मुघल सेनापती महाबतखानाचा वेढा. कारस्थानं आम्हाला रचावी लागलीच नाहीत, आयती मिळाली.

त्यात आम्ही व्हॅम्पायरांची दोन घराणी घातली आहेत. एक यादवांच्या वेळेपासून किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, राहतंय आणि येईल त्या राजवटीशी जुळवून घेतंय. दुसरं मुघल छावणीबरोबर बुऱ्हाणपूरहून आलंय. माणसांना वाटतं लढाई आपली आहे. किल्ल्यातल्या मुख्य पात्रांपैकी एक जण मात्र आधीपासूनच बाहेरच्या घराण्याला बांधलेला आहे.

भांडण इथं आहे. मी म्हणते, तो कोण हे शेवटच्या भागात कळावं. भाऊ म्हणतो, दुसऱ्याच पानावर दाखवून टाकू. तुम्हाला वाचायला काय आवडेल?

हुरडा_पार्टी | शनिवार, रात्री ११:०४

मराठवाड्यात व्हॅम्पायर! आणि वेढा ऐन उन्हाळ्यातला! उन्हाने राख होणे हा नियम आमच्याकडे माणसांनाही लागू आहे. क्रांती चौकात दुपारी दोनला उभा करा त्याला, रक्ताचं नाव काढणार नाही, उसाचा रस मागेल. बर्फ जास्त घालून.

जगात_जर्मनी | शनिवार, रात्री ११:१५

लसूण चालत नाही म्हणतेत ना त्याला? मंग कामून त्या गरिबाचे हाल करायलात? ठेच्यात लसूण, वरणाच्या फोडणीत लसूण, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण. कोणाच्या बी मानंला तोंड लावलं तरी आधी फोडणीचा वास येईन. दोन दिवसांत परत जातंय का नाही बघा.

(भारतात परभणी)

तेरणाकाठ | शनिवार, रात्री ११:२१

२०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं. अंगात रक्त ऱ्हायला आधी पाणी लागतंय. तुमच्या व्हॅम्पायरला सांगा, टँकर घेऊनच ये.

निळी_शाई | शनिवार, रात्री ११:३०

हसा हसा. प्रश्नाचं उत्तर कोणी देईना!

रात्रपाळी | रविवार, पहाटे १:१२

हुरडा_पार्टी, गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. ऊन लागलं की राख, हा नियम काही फार जुना नाही. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तो म्हातारा लंडनमध्ये दिवसाउजेडी फिरतो. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात, एवढंच. उन्हाने मरणं आलं ते १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातून आणि मग सगळ्यांनी उचललं. त्यामुळे निळी_शाई, हा नियम घ्यायचा की नाही ते तुमच्या हातात आहे. टाकलात तर भर दुपारचा दरबार दाखवता येईल.

एक नियम मात्र टाकू नका. आतल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. हा त्या कादंबरीत आहे. मला सगळ्या व्हॅम्पायर-पुराणात हाच नियम सर्वांत आवडतो. बाकीचे नियम शरीराचे आहेत, हा शिष्टाचाराचा आहे.

मांजरा_तीर | रविवार, सकाळी ७:४०

मग तर मराठवाडा पहिल्याच रात्री खलास. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर कोणी दिसला की नाव विचारायच्या आधी "या की, बसा, च्या टाकायलेच" म्हणतात. माझी आई तर वीजबिल वाटणाऱ्यालाही आत बोलावते.

जगात_जर्मनी | रविवार, सकाळी ७:४८

अन् आत आल्यावर "जेवूनच जावा". त्यो म्हणायचा, हाव, त्याच्यासाठीच आलतो.

इतिहासाचा_तास | रविवार, सकाळी ९:३५

निळी_शाई, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो. रात्रपाळी यांनी जे दिलंय ते आधी पदरात पाडून घ्या. सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

दख्खनचे किल्ले तोफांनी जेवढे पडले त्याहून जास्त आतून उघडले गेले. १६८७ चा गोवळकोंडा बघा. औरंगजेब आठ महिने बसला होता. सुरुंग लावले ते त्याच्याच लोकांवर उलटले. शेवटी अब्दुल्लाखान पन्नी नावाच्या आतल्या अफगाण सरदाराने रात्री दरवाजा उघडला. त्याच रात्री त्याच किल्ल्यात अब्दुर्रझाक लारी एकटा अंगावर असंख्य वार घेत लढत होता. मुघलांनीही त्याची वाखाणणी केली. एकाच भिंतीआड ही दोन माणसं. आणि शेवटचा कुतुबशहा, तानाशाह, कैदी म्हणून कुठे आणला? तुमच्याच दौलताबादला, चिनी महालात.

आता याला तो उंबऱ्याचा नियम लावा. किल्ल्याचा उंबरा कोणता? महादरवाजा. आत बोलावण्याचा अधिकार कोणाचा? पहारेकऱ्याचा की किल्लेदाराचा? गादीवर अज्ञान पोर आहे, मग घराचा मालक कोण? तो पोरगा "या" म्हणाला तर चालतं का? ही राजकारणाचीच गाठ आहे, फक्त सुळे लावलेली.

पुढच्या काळातलं एक उदाहरण. शिवाजी महाराजांनी किल्ल्यावर एकाच्या हाती सगळं दिलं नाही. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे नेमले, तेही सगळे एकाच जातीचे नाहीत, म्हणजे तिघांनी संगनमत केल्याशिवाय किल्ला शत्रूला देता येऊ नये. अशा किल्ल्यावर व्हॅम्पायरला तीन आमंत्रणं लागतील. निजामशाहीच्या शेवटी ही व्यवस्था नव्हती. एक फत्तेखान पुरे होता.

बालाघाटी | रविवार, सकाळी ९:५१

+१. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

तिरपागडा | रविवार, सकाळी ११:०८

सर, गोवळकोंडा मान्य. पण दौलताबादला १६३३ मध्ये रात्री कोणी गुपचूप कडी काढली नव्हती. सुरुंगाने अंबरकोटाची, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कोटाची, भिंत उडाली, मग आतला महाकोट गेला. आत उपासमार. विजापूरवाले बाहेरून धान्य आत घालायचा प्रयत्न करत होते, ते मुघल अडवत होते. वरच्या काळाकोटात फत्तेखान उरला आणि त्याने बोलणी करून जूनमध्ये किल्ला दिला. याला तुम्ही फितुरी म्हणणार? बाप गेला, राज्य गेलं, कोठारं रिकामी, दोन्हीकडचे "आमच्याकडे ये" म्हणताहेत. तो आधी खुनी होता हे खरं. पण शेवटच्या महिन्यात तो एक उपाशी किल्लेदारच होता.

माझी हरकत मात्र मुळापाशीच आहे. निळी_शाई म्हणतात, एक घराणं यादवांपासून अंधारीत बसून आहे. म्हणजे १२९६ ला अल्लाउद्दीन आला तेव्हाही ते तिथेच होतं. आठवा ती मिठाची गोष्ट : घाईघाईत किल्ल्यावर पोती चढवली, धान्य समजून, आणि फोडल्यावर मीठ निघालं. आता तुमच्या कॉमिकमध्ये ती पोती कोण बदलणार? व्हॅम्पायर. १६२९ चा खून कोणी घडवला? व्हॅम्पायर. फत्तेखान फिरला कशामुळे? त्याला चावलं होतं. झालं! साडेतीनशे वर्षांचा हावरटपणा, निष्काळजीपणा, भाऊबंदकी, सगळ्याचं बिल भुतांच्या नावावर. माणसं धुतल्या तांदळासारखी. असल्या गोष्टी वाचायला मजा येते, पण मला त्या खोट्या वाटतात.

निळी_शाई | रविवार, दुपारी १२:२०

तिरपागडा, मिठाची पोती आमच्या पहिल्या भागात आहेत आणि हो, ती व्हॅम्पायरच बदलतो. तुमचा प्रतिसाद वाचून भावाला फोन केला. तो म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." तो असलं काही सांगत नव्हता. पण ते पान मला राहू द्यायचंय. चांगलं उतरलंय.

तिरपागडा | रविवार, दुपारी १२:२६

चांगलं उतरलंय म्हणून ठेवायचं असेल तर ठेवा. पण वाचक विचारणार, याने १२९६ ला पोती बदलली तर १६३३ पर्यंत स्वस्थ का बसला?

हुरडा_पार्टी | रविवार, दुपारी १२:४०

बदली झाली नसेल. खुलताबादला पोस्टिंग मागितलं होतं, मिळालं नाही.

पंखवाली | रविवार, दुपारी २:१५

अंधारीचा विषय निघालाय म्हणून. त्या भुयारात शिरलं की आधी वास येतो आणि मग डोक्यावर फडफड. पण ती वटवाघळं बिचारी रक्ताच्या वाटेला जात नाहीत. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या सगळ्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात. भारतात एकही नाही. त्यामुळे १६३३ मधल्या दौलताबादच्या माणसाला वटवाघूळ बघून रक्तपिपासू आठवणार नाही. अंगावर काळी झूल घेऊन वटवाघूळ होणारा व्हॅम्पायर तेवढा काढू नका ही विनंती. वटवाघळांची आधीच फार बदनामी झालीय.

काळी_शाई | रविवार, दुपारी ३:०२

नवीन सदस्य. तोच मावसभाऊ. वटवाघळं काढणार. व्हॅम्पायर होणार नाहीत. अंधारीत ती नसली तर संभाजीनगरचा माणूस चित्र ओळखणारच नाही.

मांजरा_तीर | रविवार, दुपारी ३:१०

धाग्यात दुसरं घराणं दाखल झालं! कोणी "या" म्हटलं होतं का?

डॅन्यूबकाठी | रविवार, संध्याकाळी ५:४७

मूळ अंबाजोगाईचा, सध्या व्हिएन्नात. या शहराचा या विषयाशी सरळ संबंध आहे.

व्हॅम्पायर युरोपभर गाजला तो कादंबरीमुळे नव्हे, सरकारी कागदांमुळे. १७१८ च्या तहाने सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. नवी सरहद्द, नवे अधिकारी, जुनी खेडी. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात एक शेतकरी मेला, मग पाठोपाठ माणसं दगावू लागली, आणि लोक म्हणाले तो थडग्यातून उठून येतोय. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला थडगं उकरताना हजर राहावं लागलं. त्याने अहवाल लिहिला, तो छापून आला. १७३२ मध्ये दुसऱ्या गावाचा अहवाल लष्करी वैद्याने लिहिला. त्यातला मूळ इसम, आर्नोल्ड पाओले, हा सरहद्दीवरचा हायडुक, म्हणजे पगारी शिबंदीतला शिपाई. तो जिवंतपणी सांगायचा की तुर्की मुलखात असताना मला व्हॅम्पायरने छळलं होतं. शेवटी १७५५ मध्ये मारिया थेरेसाने आपला वैद्य वान स्वीटेन याचं मत घेऊन हे थडगी उकरणं बंद करवलं.

माझा मुद्दा एवढाच की व्हॅम्पायर हा मुळात सरहद्दीचा प्राणी आहे. काल ज्याला कर दिला तो आज शत्रू, शेजारी कोणाचा माणूस आहे ते कळत नाही, आणि वरून आलेल्या अधिकाऱ्याला गावची भाषा येत नाही. १६३० चं दौलताबाद वेगळं होतं का? मुघल, निजामशाही, आदिलशाही, तिघांची हद्द तिथेच एकमेकांत घुसलेली. दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, ही फूट जुनी, त्यात हबशी सरदारांचा आणखी एक गट. तुम्ही व्हॅम्पायरांना अगदी योग्य जागी आणलंय.

इतिहासाचा_तास | रविवार, संध्याकाळी ६:०५

वा! दंडवत. आणि दखनी-आफाकी आठवण करून दिलीत ते बरं केलं. निळी_शाई, इथे एक खड्डा आहे. तुमचं वाईट घराणं "बाहेरून आलेलं" आहे. म्हणजे आतले चांगले आणि बाहेरचे रक्त पिणारे, हे आपोआप होतं. मलिक अंबर स्वतः कुठून आला होता? हबशाणातून (आजचा इथिओपिया), गुलाम म्हणून विकला जात. आणि निजामशाही त्यानेच उभी धरली.

उदगीरकर_पाटी | रविवार, रात्री ८:१९

१६३३ कशाला, १९४८ घ्या ना. हैदराबादचा निजाम, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन. मराठवाड्याला सगळ्यात जवळचा काळ. खऱ्या निष्ठा लपवून राहणारे तर गावोगाव होते. रझाकारांना सुळे दाखवायचे, काम झालं.

गोदाखोरे | रविवार, रात्री ९:३०

पाटी, नको.

माझे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पवर होते. दिवसा गावात शेतकरी, रात्री निरोप पोचवणारे. त्यांच्या तोंडून त्या काळाच्या ज्या गोष्टी ऐकल्या त्यात दोन्ही बाजूंची माणसंच होती. निरोप्याला लपवणारी एक घरधनीण मुसलमान होती. आणि पकडून देणारा एक जण आमच्याच भावकीतला. वडील त्याच्याशी पुढं आयुष्यभर बोलले नाहीत, पण त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. त्यांना सुळे लावलेत की हे सगळं पुसलं जातं. तिरपागडा वर हेच म्हणताहेत, फक्त १२९६ बद्दल. १९४८ ची घरं अजून उभी आहेत आणि नातवंडं त्यात राहतात.

संपादक | रविवार, रात्री ९:४४

१९४८ वर वेगळा धागा आहे. इथे धर्मावरून घसरगुंडी नको. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

हुरडा_पार्टी | रविवार, रात्री ९:५८

वातावरण तापलंय म्हणून एक सूचना. त्या लहान निजामशहाला गादीवर बसवण्याचा सोहळा सूर्योदयाच्या आत उरका. व्हॅम्पायरांची सोय होते आणि महाराष्ट्राला २०१९ पासून पहाटेच्या शपथविधीची सवय आहे.

संपादक | रविवार, रात्री १०:०१

राजकारणही नको.

जगात_जर्मनी | रविवार, रात्री १०:०३

संपादक सायेब, धाग्याचं नावच फितुरी हाय. राजकारण नको म्हणजे आता बोलावं तरी काय? लसणावर?

फुगेवाला | सोमवार, सकाळी १०:३०

कॉमिकची अक्षरं आणि फुगे बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मूळ प्रश्नावर बोलतो, कारण दोन दिवसांत कोणी बोललेलं नाही.

कादंबरीत फितूर लपवणं सोपं. कॉमिकमध्ये अवघड, कारण इथे प्रत्येक चौकटीत त्याचा चेहरा असतो. विचारांचा फुगा वापरणार असाल तर पहिला प्रश्न : त्याच्या डोक्यावर फुगा काढणार का? काढला आणि त्यात खोटं लिहिलं तर वाचकाची फसवणूक झाली, ती तो माफ करत नाही. बाकी सगळ्यांना फुगे आणि त्याला एकट्याला नाही, तर तिसऱ्या पानावर शाळकरी पोरही ओळखेल. म्हणून कारस्थानाच्या गोष्टीत मी सरळ सांगतो, विचारांचे फुगे कोणालाच नकोत. बोलणं, कृती, चेहरा. बस.

दुसरं, धक्का पान उलटल्यावर द्यायचा असतो. समोरासमोरच्या दोन पानांवर नजर एकदम फिरते, उजव्या पानावर रहस्य ठेवलंत तर डावं वाचायच्या आधीच ते फुटतं. म्हणजे उलगडा नेहमी डाव्या, सम आकड्याच्या पानावर. मोबाईलवर खाली सरकवत वाचायचं कॉमिक असेल तर हे सगळं बाद, तिथे दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेवर खेळावं लागतं. आधी ठरवा, छापणार की मोबाईलवर देणार.

तिसरं, छापणार असाल तर रात्रीची चित्रं जपून. अंधारी, रात्र, काळे कपडे, सगळं भरीव काळं केलंत तर स्वस्त कागदावर शाई मागच्या पानावर उतरते. आणि मधोमध पिना मारून बांधणी असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. ३० पानांची गोष्ट लिहून आणलीत तर छापखानावाला दोन पानं कोरी देईल आणि पैसे ३२ चे घेईल.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ११:१५

फुगेवाला, फक्कड प्रतिसाद. भर घालतो. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली तिच्यात व्हॅम्पायर दाखवायलाच बंदी होती. १९७१ मध्ये ती सैल झाली आणि मग या मासिकांत व्हॅम्पायरांची रांग लागली. म्हणजे सतरा वर्षं ते प्रकाशकांच्या दाराबाहेर उभे होते, कोणीतरी "या" म्हणेपर्यंत.

काळी_शाई | सोमवार, दुपारी १:४०

फुगेवाला काका, छापणार. आणि तुमच्याच मुद्द्यावर माझं ताईशी भांडण आहे. ती म्हणते लपव. लपवायचं म्हणजे मी त्या माणसाचा चेहरा शेवटपर्यंत खोटा काढायचा. राजा मेल्यावर सगळे रडतात, तो पण खरा रडताना दिसला पाहिजे. मग शेवटी कळलं की नाटक होतं, तर माझी सगळी चित्रं खोटी ठरली. वाचकाला पान दोनवर माहीत असेल तर मी तोच रडणारा चेहरा काढीन आणि वाचक स्वतः बघेल की याला दुःख झालंय का. मला वाटतं त्याला खरंच झालंय.

निळी_शाई | सोमवार, दुपारी २:०५

हे तू मला घरी का नाही सांगितलंस?

काळी_शाई | सोमवार, दुपारी २:०६

घरी तू बोलत असतेस.

इतिहासाचा_तास | सोमवार, दुपारी ४:२०

मी ताईंच्या बाजूने. तुमचे निम्मे वाचक संभाजीनगरचे असतील. किल्ला १६३३ ला पडतो हे त्यांना शाळेपासून माहीत आहे. कोण जिंकणार ही उत्सुकता आधीच गेली. फितूर कोण हेही दुसऱ्या पानावर सांगितलंत तर वाचकाने पुढे पानं कशासाठी उलटायची?

तिरपागडा | सोमवार, दुपारी ४:३३

का केलं, यासाठी.

बीडचं_सीताफळ | सोमवार, रात्री ११:२५

सगळे प्रतिसाद वाचले. मी एरवी इथे लिहीत नाही, नुसती वाचते.

तुम्ही सगळे एकच माणूस धरून चाललाय. बांधलेला तोच आणि दार उघडणाराही तोच. पण उंबऱ्याचा नियम घेतला तर हे दोन वेगळे निघू शकतात. जो बाहेरच्या घराण्याचा आहे, तो पान दोनवर दाखवा, भावाचं म्हणणं बरोबर. पण त्याला आमंत्रण द्यायचा अधिकारच नसावा. कारकून असेल, पाणक्या असेल, तोफखान्यातला असेल. तो शेवटपर्यंत प्रयत्न करतोय आणि वाचक त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

"या" म्हणणारा दुसराच. तो पूर्ण इमानी. तिरपागडा यांनी लिहिलंय ना, विजापूरवाले रात्री धान्य आत घालायला बघत होते. कोठीवाला आहे, किल्ल्यातली पोरं उपाशी आहेत, खाली अंधारात बैल आणि पोती दिसतात. तो ओरडून सांगतो, घ्या, आत घ्या. त्याने धान्याला बोलावलं. धान्याबरोबर कोण आलं ते त्याला दिसलं नाही.

मग १२९६ ची पोतीही व्हॅम्पायरने बदलायला नकोत. तेव्हाही घाईत माणसांनीच उचलली होती. आतल्या जुन्या घराण्याने ते नुसतं पाहिलेलं असेल. म्हणून या वेळी पोती दिसताच त्याला कळतं आणि कोठीवाल्याला कळत नाही. कोण फितूर हे लपवायचं नाही, कोण बोलावणार ते लपवायचं. ताईंचंही राहतं.

फुगेवाला | सोमवार, रात्री ११:४०

"घ्या, आत घ्या" हा फुगा डाव्या पानावर. पहिल्या चौकटीत.

इतिहासाचा_तास | मंगळवार, सकाळी ८:१०

सीताफळताई, नियमित लिहीत जा. परंड्याचंही बघा निळी_शाई. तो किल्ला निजामशाहीतून असाच आदिलशहाकडे गेला आणि १६३२ मध्ये तिथली मुलुखमैदान तोफ विजापूरला नेली. एवढं धूड माळरानावरून ओढत नेताना काढायला मिळालं तर चित्रकाराची दिवाळी.

काळी_शाई | मंगळवार, सकाळी ९:०२

बैल किती होते, कोणी सांगेल का?

तेरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:१५

तू काढशील तितके.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:३०

सीताफळ, कोठीवाला घेतला. पाणक्याही घेतला, पण तो मी तोफखान्यात टाकतेय, एका उंच बुरुजावर. तिथून त्याला सगळी छावणी दिसते. आमची मिठाची पानं फाडली. भाऊ रुसलाय, कारण शाई झाली होती. बाहेरचं घराणं बुऱ्हाणपूरचं न ठेवता त्याच अंधारीतून फुटून गेलेलं केलंय, म्हणजे सरांचा खड्डाही बुजला आणि भांडण भावकीचं झालं.

तिरपागडा, फत्तेखानाला कोणी चावलेलं नाही. किल्ला तो स्वतःच्या मर्जीने देतो.

तिरपागडा | मंगळवार, रात्री १०:४४

मला अजून पटलेलं नाही. कोठीवाला इमानी, भूक खरी, म्हणजे पुन्हा माणूस निर्दोषच सुटला. त्याला पोत्यांमागचे पाय दिसले होते आणि तरी त्याने हाक मारली, असं करून बघा.

बीडचं_सीताफळ | मंगळवार, रात्री १०:५०

हे माझ्यापेक्षा चांगलं आहे.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:५८

आता मला झोप लागणार नाही. पहिला भाग ३२ पानांचा करतोय. आठ पानं तयार झाली की इथेच टाकते.

मांजरा_तीर | मंगळवार, रात्री ११:०६

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). पण पीडीएफ टाकू नका, मोबाईलवर फुगे वाचता येत नाहीत.